माहेरचा दुखवटा

मळमड्डीत कुणाच्या घरी गेलात आणि 'येतो आता' म्हणून उठलात, की खरं बोलणं तिथून सुरू होतं. अर्धा तास उभ्यानं, मग चपला घालताना एक विषय, फाटकापाशी दुसरा, आणि रस्त्यावर गेल्यावर मागं वळून तिसरा. धारवाडचा रिवाजच आहे तो, आणि त्यात वाईट काय आहे? माणसाला निरोप घ्यायला वेळ लागतो. पण वेंकटेश जमखंडीकराकडं गेलात आणि 'येतो आता' म्हणालात, तर तो तुमच्या आधी उठून दार उघडायचा. वर 'बरं' म्हणायचा. पाहुण्याचा एक पाय चपलेत, एक अजून बाहेर, तोवर आतून कडी लागलेली असायची.

चहाचं विचारायचा नाही असं नाही. आईनं शिकवलं होतं. पण पाहुणा रीतीप्रमाणं म्हणणार, 'छे छे, आत्ताच घेऊन निघालो', की संपलं. चहा नाही. आता कुठल्या शहाण्या माणसानं पहिल्या नकोला नको धरलंय? आपल्याकडं पहिलं नको तोंडाचं, दुसरं मानेचं, आणि तिसऱ्याला कप हातात. शेजारच्या इंदूकाकू म्हणायच्या, "वेंकण्णाकडं जायचं तर चहा पिऊन जावं. आणि तहान लागली तर सरळ पाणी दे म्हणावं. लगेच देतो बिचारा. भांडं घासून देतो."

हा वेंकटेश एका सायन्स कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होता. उंच, किडकिडीत, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये जायचा, बाटल्या पुसून जागच्या जागी ठेवायचा, आणि पोरं यायच्या वेळेला आतल्या खोलीत जाऊन बसायचा. रस्त्यात भेटला तर तुमच्या खांद्यामागं कुठंतरी बघत पुढं जायचा. गल्लीनं त्याला घुम्या म्हटलं, तिरसट म्हटलं, माणूसघाणा म्हटलं. यातलं माणूसघाणा हे साफ खोटं. त्याला माणसं आवडायची. एका वेळी एक, आणि काय हवं ते सरळ सांगणारं. तीन माणसं एकदम बोलायला लागली की त्याला शब्द सगळ्यांचे ऐकू यायचे आणि अर्थ एकाचाही लागायचा नाही. सगळ्यांचं असंच होत असेल, बाकीचे हुशारीनं निभावून नेत असतील, आपण तेवढे मठ्ठ, असं तो धरून चालला होता. त्यामुळं हे त्यानं कधी कुणाला सांगितलंही नाही.

आई होती तोवर बरं चाललं. भागीरथीबाई म्हणजे त्याचा आणि जगाचा दुभाष्या. कोण काय बोललं आणि त्याला काय म्हणायचं होतं, हे ती जेवताना एकेक करून समजावून द्यायची, आणि तो मान डोलावून ऐकायचा. लग्नाचं मात्र तिलाही जमलं नाही. एकदा हुबळीला मुलगी बघायला नेला. मुलीच्या वडिलांनी हसत विचारलं, "काय मग, पसंत आहे का?" हा म्हणाला, "आत्ताच तर बघितली. पोहे खारट झालेत." पोहे खारटच होते म्हणे. पण स्थळ मोडायला तेवढं पुरलं. अशी दोन-चार स्थळं झाल्यावर आईनं नाद सोडला.

आई गेली तेव्हा तो चाळिशीच्या उंबऱ्यावर होता. तिचं काम मग थोरल्या बहिणीनं उचललं. श्यामला तिचं नाव, हा तिला अक्का म्हणायचा. हुबळीला देशपांडे नगरात मुकुंदराव वकिलांकडं दिलेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. "वेंकण्णा, नीट ऐक. बुधवारी दीक्षितांच्या मुलीचं लग्न आहे, तू जायचंस. अक्षता टाकायच्या. पाकीट मुलीच्या आईच्या हातात द्यायचं. जेवायला बसा म्हणतील, बसायचं. मग 'छान झालं कार्य' म्हणायचं आणि निघायचं. गर्दी सोसली नाही तर मागच्या दारानं नीघ, पण 'छान झालं' म्हटल्याशिवाय निघायचं नाही. कळलं की नाही?" कळायचं. तो तसं तंतोतंत करायचा. लोक म्हणायचे, वेंकण्णा सुधारला हो अलीकडं. सुधारला कुठला, फोन चालू होता.

हा असा का, हे अक्कानं कधी विचारलं नाही. ती त्याच्यावर चिडायची, हसायची, आणि पुढच्या रविवारी परत फोन करायची. आणि मुकुंदराव तर देवमाणूस. कोर्टात दिवसभर बोलून घसा बसलेला वकील, घरी त्याला शांतता हवी असायची. दोघं झोपाळ्यावर तास-तास बसायचे, एक शब्द नाही. अख्ख्या जगात वेंकटेशला घाम न फुटता बसता येईल असं ते एकच घर होतं.

अठ्ठ्याण्णव साली, संक्रांत नुकतीच झाली होती, मुकुंदराव गेले. सकाळी आंघोळ करून आले, पाटावर बसले आणि संपलं. अक्कानं स्वतः फोन केला. आवाज अगदी कोरडा.

"वेंकण्णा, हे गेले." मग जरा थांबून, "तू येऊ नकोस. घर माणसांनी भरलंय, रडारड चाललीय, तुला सोसायचं नाही. मी बघते इथलं."

आता या वाक्याचा अर्थ कुणाला फोडून सांगायला हवा का? नवरा गेलेली बहीण येऊ नको म्हणते, तेव्हा भाऊ चपला शोधायलाही थांबत नाही. हाताला लागेल ती रिक्षा करून धावतो. तिला त्याची काळजीही होती आणि तो यायलाही हवा होता, दोन्ही त्याच एका वाक्यात. सगळी दुनिया असंच बोलते आणि सगळी दुनिया ते असंच समजून घेते. वेंकटेशनं फोन ठेवला आणि तो गेला नाही.

जायचं मनात नव्हतं असं म्हणाल तर जीभ झडेल. त्यानं चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. फाटकापर्यंत गेला. आपण गेलो तर अक्काला आपलीच काळजी करत बसावं लागेल, म्हणून तर ती नको म्हणालीय, असा त्याचा हिशोब. परत येऊन मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसला. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. मुकुंदराव आता झोपाळ्यावर नसणार, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्याला रडू येत नव्हतं, नुसतं गार वाटत होतं.

महिन्याभरानं अक्काचा फोन आला. त्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय करायचंय, सांग."

"तेराव्यालासुद्धा तुझे पाय वळले नाहीत होय रे?" ती म्हणाली. "सगळं हुबळी येऊन गेलं. माझ्या पाठचा एक भाऊ, तो वीस किलोमीटरवर बसून राहिला."

"तू येऊ नको म्हणाली होतीस."

तिला ते उलट उत्तर वाटलं. वर तोंड करून तेच सांगतोस, म्हणाली. "आजपासून मला माहेर नाही असं समजेन. पुन्हा मला फोन करू नकोस."

त्यानं केला नाही. नऊ वर्षं.

नऊ वर्षं काय घेऊन बसलात, एवढ्यात पोरं शाळेत जाऊन दहावीला येतात. पहिले काही महिने तो रविवारी सकाळी फोनपाशी खुर्ची घेऊन बसायचा. तिनं मी फोन करणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. फोन वाजला नाही. मग त्यानं दुसरी वाट काढली. रविवारी सिटी बसनं हुबळीला जायचं, देशपांडे नगरात तिच्या घरासमोरच्या रस्त्यानं एकदा खाली जायचं, एकदा वर यायचं, आणि परत बस धरायची. घरी येऊ नको, फोन करू नको, हे झालं. रस्त्यानं जाऊ नको असं ती बोलली नव्हती. अक्का कधी तुळशीला पाणी घालताना दिसायची, कधी नुसती तिची साडी दोरीवर वाळताना दिसायची. दिसली की पुढचा आठवडा सुसह्य व्हायचा. एका रविवारी फाटकाला मांडव, केळीचे खांब, सनई. भाच्याचं, श्रीहर्षचं, लग्न आहे हे त्याला मांडव बघून कळलं. तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. आत कसं जायचं, किती बसायचं, कुणाला काय द्यायचं, हे सांगणारी मांडवातच होती.

फोन बंद झाल्यावर त्याचं लग्नामुंजींना जाणं संपलं. चुकण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं म्हणत तो गेला नाही, आणि मग लोकांनीही पत्रिका द्यायचं सोडलं. इंदूकाकू मुलाकडं पुण्याला गेल्या. सुट्टीच्या दिवसांत तर कंडक्टरशी जे काय बोलेल तेवढंच. बोलायची सवयही मोडते हो माणसाची. कधीकधी तो घरात मोठ्यानं 'नीट ऐक, वेंकण्णा' असं म्हणून बघायचा. पुढं काय ऐकायचं, ते त्याला सुचायचं नाही. फार एकटा झाला तो, आणि गल्लीला वाटत राहिलं की त्याला तसंच आवडतं.

दोन हजार सातमध्ये, रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं असताना, कॉलेजनं लॅब नव्या इमारतीत हलवायला काढली. त्याला सांगायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सकाळी गेला तर कपाटं उघडी, बाटल्या घमेल्यांत, भिंतीत ड्रिल घरघरतंय, आणि चार गडी एकमेकांवर ओरडतायत. वेंकटेश कान दाबून टेबलाखाली शिरला तो बाहेरच येईना. हलवायला गेले तर किंचाळायला लागला. प्रिन्सिपॉल भला माणूस. त्यानं गाडी काढून हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून त्याची गाठ डॉक्टर मेधाशी पडली.

ही मेधा बेंगळुरात शिकून आलेली, मनाच्या दुखण्यांची डॉक्टर, वयानं त्याच्या मुलीसारखी. तिनं भलतेच प्रश्न विचारले. शर्टाच्या कॉलरमधलं लेबल टोचतं का? "कापून टाकतो," तो म्हणाला. "सगळ्या शर्टांची." घरात कुणी वस्तू हलवली तर? लोक थट्टा करतात ती कळते का? बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायला काय होतं? आजवर त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तो एवढं बोलला, घसा दुखेपर्यंत. दोन-तीन भेटी झाल्यावर तिनं सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात असं मला वाटतंय.

"ते लहान मुलांना असतं," तो म्हणाला. पेपरात वाचलं होतं.

"लहान मुलं मोठी होतातच की, काका."

"म्हणजे मी मठ्ठ नाही?"

"नाही."

हे त्यानं तीनदा विचारून घेतलं. तिथून निघाला तो घरी न जाता केलगेरीच्या तळ्यावर जाऊन बसला. आपण मठ्ठ नाही. सत्तावन्न वर्षांनी कळलं. आणि हे सांगायचं कुणाला, तर अख्ख्या धारवाडात एक नाव सुचेना. हुबळीत एक सुचलं. तेव्हा मात्र त्याला रडू आलं. मुकुंदरावांच्या वेळचंही त्यातच आलं असावं.

मेधाचं अजून एक काम राहिलं होतं. मोठ्या वयात हे नक्की ठरवायचं तर त्या माणसाचं लहानपण बघितलेलं कुणीतरी लागतं. आईवडील नव्हते. उरली अक्का.

"करा की मग बहिणीला फोन," मेधा म्हणाली.

"तिनं करू नको सांगितलंय."

"कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी."

मेधानं हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि मी केला तर?"

त्यानं विचार केला. "तुम्हाला तिनं काही सांगितलेलं नाही."

मेधानं त्याच्यासमोरच फोन लावला. कोण, कशासाठी, सगळं सांगितलं. पलीकडून 'बघते' एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. बघते म्हणजे येणार का, असं त्यानं विचारलं. मेधा म्हणाली, मलाही नक्की कळलं नाही काका. डॉक्टरलाही कळत नाही म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं, पण त्या आठवड्यात तो धड जेवला नाही. अक्का आली तर नऊ वर्षांनी तिच्यासमोर बसायचं, आणि नाही आली तर ती कायमचीच गेली. दुखण्याचं काय ते होऊ दे, त्याची त्याला पर्वा नव्हती.

अक्का आली. केस पांढरे झालेले, गुडघ्यानं जरा लंगडत. त्याच्याकडं न बघता मधली एक खुर्ची सोडून बसली आणि सगळं डॉक्टरलाच सांगायला लागली. साडेतीन वर्षांचा होईतो बोलला नाही. मग बोलला तो एकदम आख्खी वाक्यं. चिंचोके ओळीनं मांडायचा, एखादा कुणी हलवला तर घर डोक्यावर घ्यायचा. लग्नाचा बँड आला की पलंगाखाली. शाळेत पोरं फसवून त्याच्याकडून मास्तरांना काहीबाही बोलवून घ्यायची, आणि मार हा खायचा. "मी मधल्या सुट्टीत जाऊन त्या पोरांना बदडायची," अक्का म्हणाली. "आठवीत असताना. फ्रॉकवर." तिच्या आवाजात राग होता, पण एकेक गोष्ट तिनं अशी सांगितली, जणू काल घडली.

मेधानं विचारलं, मग आता बोलणं का बंद आहे? तेव्हा तिनं तेही सांगितलं.

"बाई," मेधा हळूच म्हणाली, "त्यांनी मुद्दाम केलं नाही. त्यांना शब्द ऐकू येतात. शब्दामागचं ऐकू येत नाही."

"ते मला ठाऊक नाही होय?" अक्का म्हणाली. "आईमागं मीच ऐकवत होते की त्याला, दर रविवारी. कुणाच्या मनात काय आहे, कुठं काय बोलायचं, सगळं. पण त्या दिवशी माझं मन त्याला कोण ऐकवणार होतं? मीच तर पडले होते. नवऱ्यासाठी रडू, की भावाला फोन करून समजावत बसू, की बाबा, मी येऊ नको म्हणतेय ते ये म्हणून म्हणतेय?"

मग मेधानं वेंकटेशला विचारलं, नऊ वर्षांत तुम्ही बहिणीला बघितलंच नाही का? तो म्हणाला, दर रविवारी बघतो. कुठून, कसं, ते त्यानं सांगितलं. मांडवाचंही सांगितलं. अक्का खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिनं पदर तोंडावर धरला, पण ती वळली नाही.

"तेराव्याला मला पाटावर बसवलं," ती खिडकीलाच सांगत असल्यासारखी म्हणाली. "माहेरचा दुखवटा कुठाय, असं सासूबाईंच्या बहिणीनं विचारलं. सगळे दाराकडं बघत बसले. शेवटी जाऊबाईंनी आपल्या कपाटातली साडी काढली, म्हणाल्या हीच माहेरची समजू या. चांगल्या मनानं म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"दुखवटा म्हणजे काय आणायचं असतं?" वेंकटेशनं विचारलं.

त्याला खरंच माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा आईचा दुखवटा मामानं आणला असणार, पण त्या दिवशी हा माणसं जाईतो परसात विहिरीमागं बसून होता. आणि पुढं, हे तर कुणालाही कळतं, असं म्हणून कुणी सांगितलं नाही.

अक्का उठली. पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं. "साडी," ती म्हणाली. "माहेरच्यानं आणायची, बहिणीच्या खांद्यावर ठेवायची. म्हणजे तिला कळतं, नवरा गेला तरी पाठीशी कुणी आहे. एवढंच असतं ते."

आणि ती गेली. तो जिन्यापर्यंत मागं गेला, पण तिनं ये म्हटलं नव्हतं. मेधाला जे हवं होतं ते मिळालं, दुखण्याचं नाव पक्कं झालं. आणि अक्का परत हुबळीला.

शनिवारी दुपारी सप्तापुरात एका घराच्या माडीवर मेधा अशा मोठ्या माणसांना एकत्र बसवायची. सतरंजी, पंखा बंद, कारण त्याचा आवाज सोसायचा नाही. माणसं तीनच. एक कौसल्या टीचर, गणित शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या. दुसरा निखिल, बेंगळुरातली नोकरी सोडून आलेला इंजिनियर. तिसरा हा. इथं कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. अक्का येऊन गेल्यावरच्या शनिवारी वेंकटेशनं विचारलं, नऊ वर्षांनी दुखवटा नेतात का?

"नियम काय आहे?" निखिल म्हणाला.

नियम कुणालाच माहीत नव्हता. सगळ्यांनी मेधाकडं बघितलं. तीही घुटमळली. रीतीत बसत नाही, म्हणाली, तेराव्यानंतर दुखवटा नसतो, अशुभ मानतात. बहीण नकोच म्हणेल.

"मग नको म्हणाली तर?" वेंकटेशनं विचारलं. त्याला त्या एका शब्दाची धास्ती बसली होती.

"मी परत विचारते," कौसल्या टीचर म्हणाल्या. "कुणी नको म्हटलं, की एकदा विचारते, खरंच नको का. लोक चिडतात. पण चिडून का होईना, सांगतात."

हे वेंकटेशच्या डोक्यात आयुष्यात कधी आलं नव्हतं. नको झाल्यावर परत विचारायला परवानगी असते, हेच त्याला नवं होतं.

सोमवारी तो सुभाष रोडला साडी घ्यायला गेला. दुकानदारानं कशासाठी विचारलं. दुखवट्यासाठी, म्हटल्यावर त्यानं रंगीत गठ्ठे बाजूला सारले, चेहरा पाडला आणि कानडीत विचारलं, "यारु होदरु?"

"मेव्हणे गेले."

"अय्यो पाप. यावाग?"

"नऊ वर्षं झाली."

दुकानदारानं त्याच्याकडं नीट बघितलं, मग गुपचूप फिकट राखी रंगाची एक सुती साडी बांधून दिली.

रविवारी तो नेहमीच्या बसनं निघाला. नवलूर गेलं, उणकलचं तळं गेलं, पुडकं मांडीवर. या वेळी रस्त्यानं खाली-वर न करता फाटक उघडून आत गेला. दार एका तरुण मुलीनं उघडलं. श्रीहर्षची बायको, पल्लवी. त्यानं तिला मांडवात लांबून बघितली होती, तिनं त्याला कधीच नाही. कोण हवंय, तिनं विचारलं.

"मी वेंकटेश. दुखवटा आणलाय."

पोरीचा चेहरा उतरला. सहावा महिना होता तिला. हात आपसूक पोटावर गेला. "आमच्याकडं कुणी गेलं नाही हो," ती पुटपुटली.

अक्का आतून आली आणि पुडकं बघून तिथंच थांबली. मग तिचा आवाज चढला. "अक्कल आहे का रे तुला? पोटुशी पोर समोर उभी आणि तू दुखवटा घेऊन उंबऱ्यावर येतोस? आता कशाला? मला नको तो. घेऊन जा."

नको. जा. दोन्ही शब्द स्वच्छ ऐकू आले. त्याचे पाय आपोआप मागं फिरले. तो पायऱ्या उतरला, फाटकापर्यंत आला, कडीला हात लावला. मग तो वळला. अक्का अजून दारात होती.

"अक्का," तो फाटकापाशी उभा राहूनच म्हणाला, "खरंच नको, का म्हणायचं म्हणून नको? मला कळत नाही. तू सांग."

रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला वळून बघत गेला. अक्कानं चौकट धरली. सगळा जन्म तिनं दुसऱ्यांच्या मनातलं त्याला सांगण्यात घालवला होता, स्वतःच्या मनातलं उघड बोलायची तिला कुणी सवयच लावली नव्हती.

"म्हणायचं म्हणून," ती म्हणाली. "मागच्या दारानं ये."

मागं परसात धुण्याचा दगड होता. पाट आणायलाही ती आत गेली नाही, त्या दगडावरच बसली, गुडघा दुखत होता म्हणून जरा वाकडी. वेंकटेशनं पुडक्याची दोरी सोडली, साडी तिच्या खांद्यावर ठेवली आणि सरकू नये म्हणून वरून तळहातानं दाबली. आणि अक्का रडायला लागली. नऊ वर्षांचं होतं ते, गळा फाडून, शेजारी भिंतीवरून डोकावतील इतक्या मोठ्यानं. असला आवाज वेंकटेशला कधीच सोसत नसे. त्यानं दोन्ही कान घट्ट दाबून धरले, डोळे मिटून घेतले, आणि तिच्या शेजारी उभा राहिला, ती थांबेपर्यंत.